एकतीस मार्च, पावणेबारा

दिल्लीतल्या कुठल्याशा संस्थेचा अहवाल
सकाळी मोबाईलवर आला.
देशातली माहिती तंत्रज्ञानाची बाजारपेठ
येत्या वर्षी अकरा टक्क्यांनी वाढणार,
सरकारनं हात सैल सोडला तर बारा.
सोबत आलेख. एक निळी रेघ,
वळणंच नसलेल्या घाटासारखी
सरळ वर चढत गेलेली.

जगात भारी, म्हटलं मी.
तौफिक मदरबोर्डवर वाकला होता,
मान वर न करता म्हणाला,
"त्यात आपली सतरा धरल्यात काय?"

सतरा. गेल्या मार्चमधली.
गगनबावडा तालुक्यातल्या सतरा शाळांना
टेंपो करून पोचवलेली,
पोच पावती, शिक्का, फोटो, सगळं जोडलेलं.
आलेखात धरली असतील.
माझ्या पासबुकात अजून नाहीत.

वडील उद्यमनगरात लेथवर होते.
एका सुताचा फरक पडला
की आख्खा माल परत.
अकरा की बारा हे त्यांना विचारलं असतं,
तर म्हणाले असते,
आधी माप घे, मग बोल.

रात्री जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात
आम्ही सगळे एकाच बाकावर.
बेंचवाले शेडबाळे, टाकीवाले खोत,
पंखे पुरवणारा एक पोरगा, पहिलंच वर्ष त्याचं,
दर पाच मिनिटांनी उठून उभा राहणारा.
कुंभोजकर क्लार्क दारातनं सांगतात,
"तरतूद आहे, निधी नाही."
मग दहा वाजता, "निधी आलाय, लेखाशीर्ष चुकलंय."
मग अकराला, "लेखाशीर्ष बरोबर आहे,
साईट उघडत नाही."

सरकारचा पैसा रंकाळ्यातल्या पाण्यागत.
दिसतो सगळ्यांना.

पावणेबाराला आतनं हाक आली.
"मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या न्हवं?
बघा की जरा."

साडी खोचून टेबलाखाली शिरले.
धूळ, चहाचे कागदी कप, एक मेलेली पाल,
आणि सीपीयूच्या पाठीवर
माझ्याच दुकानाचा स्टिकर,
राजारामपुरी, सातवी गल्ली,
फोन नंबर जुना, आठ वर्षांपूर्वीचा.
याचं बिल मात्र वेळेत मिळालं होतं.
केबल ढिली होती, बस्स.
दाबली. हिरवा दिवा लुकलुकला.

शेडबाळ्यांचं बिल निघालं.
खोतांचं निघालं.
पंख्यावाल्या पोराचं निघालं,
त्यानं कुंभोजकरांचे पायच धरले,
ते ओशाळून मागं सरले.
माझी फाईल पुढची होती.
मग घड्याळानं वर्ष बदललं
आणि पडद्यावर लाल अक्षरं आली.

"नव्या वर्षात बघू," कुंभोजकर म्हणाले,
आणि खरंच वाईट वाटलेल्या माणसासारखं
मला बिस्किटाचा पुडा देऊ केला.

सकाळी पडवळ बाईंचा फोन, तिकडनं, शाळेतनं.
"वॉरंटी चार तारखेपर्यंत आहे न्हवं?"
आहे, म्हटलं.
बिल यायच्या आत वॉरंटी संपायला आली,
हे त्यांना काय सांगायचं.

"कॉम्प्युटर बरा आहे हो.
कीबोर्डचं शिफ्ट मेलंय, दोन्ही बाजूचं.
पोरं मराठीत शाळा लिहितात
आणि उमटतं साला.
परवा साहेब तपासणीला आले,
फळ्याशेजारी पडद्यावर भलंमोठं
जिल्हा परिषद साला."

तौफिक हसता हसता स्टुलावरनं पडायचा राहिला.
मीही हसले. रात्रभराचं हसू होतं, थांबेना.

मग कपाटातनं नवा कीबोर्ड काढला,
पिशवीत घातला,
चलन फाडलं नाही.
एसटी साडेनऊची.
जाता जाता मोबाईलवर
नवी निविदा दिसली, चाळीस नग,
अनामत रक्कम आगाऊ.
उघडली.
बंद केली.
कळ्याच्या पुढं रेंज जाते,
तोवर परत उघडली.